वाय-फाय बंद केलं... आणि लॅपटॉपने मान टाकली!

रोज संध्याकाळी वाय-फाय बंद केलं की माझ्या एका मैत्रिणीचा लॅपटॉप क्रॅश व्हायचा. शेवटी तिने ते बंद करणंच सोडून दिलं. मग काय, तिचं ऑफिसही बंद होईना! एका चिमुकल्या बटणाने घातलेल्या मोठ्या लोच्याची ही गोष्ट...

"अगं ए, त्या बटणाला हात लावू नकोस!"

मैत्रीण किचनमधून अक्षरशः किंचाळली. एका हातात झारा, दुसऱ्या हातात साबुदाणे वड्यांची ताटली. गुरुवारचा उपास ना! मी जागच्या जागी फ्रीज. मी केलं तरी काय होतं? कोथरूडमधल्या तिच्या वन-बीएचकेत डायनिंग टेबलवर तिचा ऑफिसचा लॅपटॉप उघडा पडला होता आणि दर अर्ध्या मिनिटाला टुंग-टुंग वाजत होता. संध्याकाळचे आठ वाजून गेलेले. म्हटलं, वडे गरम आहेत तोवर दोन गप्पा माराव्यात, म्हणून वाय-फायच्या बटणाकडे बोट नेलं. बस्स, एवढंच!

"ते बंद केलं ना, की लॅपटॉप मरतो," ती म्हणाली. "चार महिने झाले. स्क्रीन गोठते, माऊस हलत नाही, मग सॉरी-बिरीचा मेसेज येतो आणि आपोआप रीस्टार्ट. सेव्ह न केलेलं सगळं गायब. मागे एकदा अख्खी एक्सेल शीट गेली यार!"

"मग शट डाउन कर की सरळ."

"केलं ना! तेव्हाही अडकतो. गोल-गोल फिरत बसतो. मग पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि सकाळी पंधरा मिनिटं त्याची मनधरणी करायची. झाकण लावलं तरी तेच. म्हणून आता मी काहीच करत नाही. उघडाच ठेवते."

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. सांगलीहून आई. हिने फोन कानाला लावला, नजर स्क्रीनवर. "हो... हो गं... जेवले... नंतर करते, ठेवू?" अडतीस सेकंद. मी घड्याळ लावलं नव्हतं, फोनच दाखवत होता. आणि लगेच लॅपटॉपवर बोटं. टीम लीडने काहीतरी विचारलं होतं.

"म्यूट कर ना," मी म्हटलं.

"आणि खरंच काही अर्जंट असलं तर?"

हे वाक्य तुमच्याही तोंडात आहे का? असेल तर पुढे वाचा. कारण ही गोष्ट लॅपटॉपची आहे, पण फक्त लॅपटॉपची नाही.

तिकीट क्लोज्ड!

तुम्ही म्हणाल, ऑफिसचा लॅपटॉप आहे तर आयटी हेल्पडेस्कला सांगायचं. तिने सांगितलं होतं की! एकदा नाही, तीनदा. आणि तीनदाही जे झालं ते एखाद्या विनोदी एकांकिकेत शोभेल.

हेल्पडेस्क दुसऱ्या शहरात. तिथला मुलगा रिमोटने हिच्या लॅपटॉपचा ताबा घेणार. घेतला. "मॅडम, आता प्रॉब्लेम दाखवा." हिने वाय-फाय बंद केलं. लॅपटॉप गोठला. पण पलीकडच्या मुलाला काय दिसलं? काहीच नाही! कारण तो ज्या वाय-फायवरून आत आला होता, तेच बंद झालं होतं. त्याच्या स्क्रीनवर फक्त एवढंच, की समोरच्याचं कनेक्शन तुटलं. तिकिटावर शेरा: 'युजर डिसकनेक्टेड. प्रॉब्लेम आढळला नाही.' आणि तिकीट क्लोज्ड.

म्हणजे दुखणं असं, की डॉक्टर खोलीत असेपर्यंत पेशंट ठणठणीत आणि दुखायला लागलं की डॉक्टर आपोआप बाहेर! तिसऱ्या वेळी तिने नाद सोडला. "जाऊ दे, वाय-फाय बंद करायचं नाही, बस्स. तेवढंच ना?"

तेवढंच नव्हतं. मंगळवार-गुरुवारचं बॅडमिंटन बंद झालं. जेवताना लॅपटॉप समोर, झोपताना शेजारच्या खोलीत टुंग-टुंग. रात्री साडेदहाला एका मेसेजला उत्तर दिलं, की दुसऱ्या दिवशी पावणेअकराला पुढचा मेसेज. कोणी तिला 'रात्री काम कर' असं सांगितलं नव्हतं. एका बिघडलेल्या बटणाने तिची ऑफिसची वेळ ठरवून टाकली होती.

मीटर रूममधला माणूस

माझा एक मावसभाऊ हिंजवडीत चिपसाठी सॉफ्टवेअर लिहितो. रविवारी मिसळ खाताना मी त्याच्यापुढे हा सगळा वैताग ओतला. तो हसला. "ताई, हा ड्रायव्हरचा झोल आहे. शंभर टक्के."

ड्रायव्हर म्हणजे काय, हा फंडा आधी क्लिअर करू. लॅपटॉपमध्ये वाय-फायची एक छोटी चिप असते. ऑपरेटिंग सिस्टिमला त्या चिपची भाषा येत नाही. मग दोघांच्या मध्ये एक दुभाषा बसवतात. तो ड्रायव्हर. हा दुभाषा बहुतेक वेळा चिप बनवणारी कंपनी लिहून देते आणि लॅपटॉप कंपनी तो आपल्या मशीनमध्ये घालते.

"पण दुभाषा चुकला तर वाय-फाय बंद पडावं. अख्खा लॅपटॉप कशाला मरतो?" माझा भाबडा प्रश्न.

त्याने पावाचा तुकडा मोडला आणि मला आमच्याच सोसायटीचं उदाहरण दिलं. आपण वापरतो ते ब्राउझर, एक्सेल, गाण्यांचं सॉफ्टवेअर हे सगळे फ्लॅटमध्ये राहणारे भाडेकरू. एकाच्या घरात फ्यूज उडाला तर त्याच्याच घरात अंधार, बाकीची बिल्डिंग निवांत. ड्रायव्हर मात्र फ्लॅटमध्ये राहत नाही. त्याला काम करायला थेट खालच्या मीटर रूममध्ये सोडलेलं असतं. या मीटर रूमला म्हणतात कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तिथे एक चुकीची वायर लागली की पूर्ण बिल्डिंग काळोखात! आणि खरं तर सिस्टिम तिथे मुद्दामच थांबते. गाभ्यात गडबड झालीय हे कळल्यावर तसंच रेटत राहिलं तर तुमच्या फाइल्सची वाट लागू शकते. त्यापेक्षा सगळं बंद केलेलं बरं. विंडोजची ती कुप्रसिद्ध निळी स्क्रीन म्हणजे हेच. मॅक आणि लिनक्सवर त्याच प्रकाराला 'कर्नल पॅनिक' म्हणतात. काय नाव आहे ना!

हा काही एकट्या मैत्रिणीचा भोग नाही. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या संशोधकांनी २००३ मध्ये एक गाजलेला शोधनिबंध मांडला. त्यात दिलेला आकडा असा, की विंडोज एक्सपीच्या त्या वेळी नोंदवल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होते. त्याआधी २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी लिनक्सचा कोड तपासला. त्यांना ड्रायव्हरमधल्या चुकांचं प्रमाण कर्नलच्या बाकी भागापेक्षा तीन ते सात पटींपर्यंत जास्त आढळलं. त्यानंतर सिस्टिम्स पुष्कळ सुधारल्या. पण मीटर रूमची चावी अजून बऱ्याच ड्रायव्हर्सच्या खिशात आहे.

पंगत उठायच्या आधीच खांब काढला!

बरं, पण चालू करताना काही होत नाही, बंद करतानाच का मरतो? मला वाटायचं, बंद करणं हे सगळ्यात सोपं काम. भावाने मान हलवली. "उलट आहे ताई. बंद करणं सगळ्यात अवघड."

लग्नाचा मांडव डोळ्यांसमोर आणा. उभारताना एकेक खांब सावकाश रोवायचा, घाई नाही. काढताना मात्र आधी पंगत उठली का, भांडी गेली का, लाईटवाल्याने वायर काढली का, हे बघूनच खांबाला हात लावायचा. मांडववाल्याने घाई केली आणि शेवटची पंगत बसलेली असतानाच मधला खांब उपटला तर? श्रीखंडासकट मांडव डोक्यावर!

वाय-फायच्या चिपचंही तसंच. तुम्ही बटण दाबता तेव्हा तिच्याकडे असंख्य कामं अर्धवट असतात. काही डेटा पाठवायच्या रांगेत, काही नुकताच आलेला. 'अमुक इतक्या वेळाने पुन्हा नेटवर्क शोध' असे अलार्म लावलेले. हे सगळं क्रमाने आवरायचं, वापरलेली मेमरी परत करायची आणि मग चिपची वीज काढायची. ड्रायव्हर लिहिणाऱ्याचा हा क्रम एका जागी जरी चुकला, तर मेमरी परत करून झाल्यावर एखादा राहिलेला अलार्म वाजतो आणि आता आपल्या नसलेल्या जागेत हात घालतो. झाला क्रॅश!

दुसरा प्रकार आणखी मजेशीर. चिप झोपली, पण ड्रायव्हरला ते कळलंच नाही. तो विचारत बसतो, "झालं का? झालं का?" उत्तर कोण देणार? मैत्रिणीचं शट डाउन करताना गोल-गोल फिरणं बहुधा याच जातकुळीतलं. कारण झाकण लावा, स्लीप करा किंवा शट डाउन करा, बहुतेक वेळा वाय-फायची वीज कमी होते किंवा जाते. म्हणून तिन्ही दरवाजांवर एकच भूत.

आणि अशा चुका टेस्टिंगमध्ये निसटतात का? कारण त्या क्षणाच्या खेळ असतात. पंगत रिकामी असताना खांब काढला तर काहीच होत नाही. टेस्ट करणाऱ्याच्या टेबलवर लॅपटॉप निवांत असतो. आपल्याकडे एकीकडे व्हिडिओ कॉल, दुसरीकडे फाइल अपलोड, तिसरीकडे गाणी!

मोठ्यांचीही फजिती

जरा दिलासा हवा असेल तर हे ऐका. २० एप्रिल १९९८, शिकागोचं कॉमडेक्स प्रदर्शन. स्टेजवर खुद्द बिल गेट्स. विंडोज ९८ किती शहाणं आहे हे दाखवायला सहकाऱ्याने स्कॅनर जोडला आणि भल्यामोठ्या पडद्यावर अवतरली निळी स्क्रीन! हॉलमध्ये हशा. गेट्सनी, म्हणूनच आम्ही हे अजून बाजारात आणलेलं नाही, अशा अर्थाचा टोला मारून वेळ मारून नेली.

जून २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सचीही पंचाईत झाली. आयफोन ४ दाखवताना हॉलमध्ये वाय-फायची इतकी गर्दी झाली की डेमो अडला. शेवटी त्यांनी प्रेक्षकांनाच आपापलं वाय-फाय बंद करायला सांगितलं!

आणि १९ जुलै २०२४ तर आपल्यातले अनेक जण विसरलेले नाहीत. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर एका झटक्यात निळे झाले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले आणि लोकांनी त्यांचे फोटो काढून ठेवले. तिथे वाय-फायचा संबंध नव्हता, पण कारण त्याच कुळातलं होतं. मीटर रूममध्ये बसलेल्या सॉफ्टवेअरचा पाय घसरला. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने सुरक्षा कंपन्यांना कर्नलच्या बाहेर काढायच्या दिशेने पावलं टाकली आणि २०२५ मध्ये विंडोज ११ मधली ती निळी स्क्रीनही काळी करून टाकली. रंग बदलला, एवढं खरं!

केबल नावाची जुनी मैत्रीण

तर मंडळी, परत कोथरूडला. भावाने दिलेली युक्ती इतकी साधी होती की आम्हा दोघींना आमचीच लाज वाटली. "हेल्पडेस्कवाला वाय-फायवरून येतो म्हणून बाहेर फेकला जातो ना? मग त्याला दुसऱ्या दाराने आत घ्या."

सोमवारी मैत्रिणीने मोबाईल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडला, त्यावरून नेट घेतलं आणि हेल्पडेस्कला चौथ्यांदा बोलावलं. "आता मी वाय-फाय बंद करतेय. तुम्ही बघत राहा." या वेळी पलीकडच्या मुलाने गोठलेली स्क्रीन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

"अहो मॅडम, हे तर खरंच होतंय!"

"मी चार महिने तेच सांगतेय!"

रीस्टार्ट झाल्यावर त्याने क्रॅशची नोंद उघडली. प्रत्येक क्रॅशच्या वेळी सिस्टिम जाता-जाता एक छोटी फाइल लिहून ठेवते, अगदी विमानातल्या ब्लॅक बॉक्ससारखी. तिच्यात वाय-फायच्या ड्रायव्हरचं नाव दिसलं. आणि अशा एक-दोन नाही, एकोणीस फाइल्स होत्या. सगळ्यांत तेच नाव! लॅपटॉप कंपनीच्या साइटवर नवा ड्रायव्हर केव्हाचा येऊन पडला होता. तो हिच्या मशीनवर का आला नाही? एक तर ऑफिसने जुनं व्हर्जन गोठवून ठेवलं होतं. आणि दुसरं, अपडेटची खिडकी उघडली की मॅडम इमानेइतबारे 'नंतर आठवण करा'वर क्लिक करत होत्या. चार महिने!

नवा ड्रायव्हर टाकायला लागली बारा मिनिटं.

बटण सुधारलं. आता?

खरी गंमत पुढे आहे. लॅपटॉप दुरुस्त झाला, पण आठवडाभर मैत्रिणीने वाय-फाय बंद केलंच नाही. आधी बंद करता येत नव्हतं. आता करता येत होतं, म्हणजे 'बंद का केलंस?' याचं उत्तर तिला स्वतःला द्यावं लागणार होतं. बिघडलेलं बटण ही एक प्रकारे सोयच होती.

जगात यावर कायदे झालेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या 'डिसकनेक्ट' होण्याच्या हक्कावर वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर आलेल्या फोन-मेसेजला, नकार अवाजवी नसेल तर, उत्तर न देण्याचा हक्क मिळाला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत याच हक्काचं खासगी विधेयक २०१८ मध्ये मांडलं आणि २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. पण आपल्या संसदेने खासगी विधेयक मंजूर केल्याची शेवटची वेळ म्हणजे १९७०. तेव्हा कायद्याची वाट बघत लॅपटॉप उघडा ठेवायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मैत्रिणीने एक धाडस केलं. टीम लीडला सरळ सांगितलं, "आठनंतर मी ऑफलाइन असते. फारच महत्त्वाचं असलं तर फोन कर." तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "अगं, मला वाटलं तुला रात्री काम करायला आवडतं. तू तर कायम ऑनलाइनच दिसायचीस!"

घ्या! चार महिने ती घाबरून उत्तर देत होती आणि तो तिला हौशी समजत होता.

परवाच्या गुरुवारी मी पुन्हा तिच्याकडे होते. आठला पाच मिनिटं कमी. तिने फाइल सेव्ह केली (सवय जात नाही), श्वास रोखला आणि बटण दाबलं. लॅपटॉप शांतपणे चालूच राहिला. टुंग-टुंग थांबलं. इतकी शांतता झाली, की कुकरची शिट्टी झाल्यावर आम्ही दोघी दचकलो.

मग मोबाईल वाजला. तिने घाबरत-घाबरत स्क्रीनकडे पाहिलं. सांगलीहून आई.

या वेळी कॉल किती वेळ चालला, ते मी बघितलं नाही. वडे मात्र मी एकटीनेच संपवले.

तुमचाही लॅपटॉप असंच करतो? मग हे करून बघा!

• आधी सेव्ह, मग प्रयोग. उघड्या फाइल्स बंद केल्याशिवाय बटणाशी खेळू नका.

• 'डिसकनेक्ट' आणि 'ऑफ' यांत फरक आहे. डिसकनेक्टमध्ये फक्त नेटवर्क सुटतं, चिप जागी राहते. ड्रायव्हर दुरुस्त होईपर्यंत नुसतं डिसकनेक्ट करा. बऱ्याचदा क्रॅश टळतो. (आयफोनवाल्यांसाठी माहिती: २०१७ च्या आयओएस ११ पासून कंट्रोल सेंटरमधलं वाय-फायचं बटण नुसतं डिसकनेक्टच करतं. पूर्ण बंद करायचं तर सेटिंग्जमध्ये जावं लागतं.)

• क्रॅशची नोंद शोधा. विंडोजमध्ये 'रिलायबिलिटी मॉनिटर' उघडा किंवा विंडोज फोल्डरमधलं 'मिनीडम्प' बघा. मॅकवर 'कन्सोल' अ‍ॅपमध्ये रिपोर्ट्स मिळतात. लिनक्सवाल्यांनी आधीच्या बूटचा लॉग वाचावा.

• ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या किंवा चिप कंपनीच्या साइटवरूनच घ्या. 'फ्री ड्रायव्हर अपडेटर' म्हणणाऱ्या भलत्याच साइट्सच्या नादी लागू नका.

• त्रास अपडेटनंतरच सुरू झालाय? विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर'ने मागच्या व्हर्जनवर जा.

• तिथेच 'पॉवर मॅनेजमेंट'चं पान दिसत असेल, तर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी टिक काढून बघा.

• नव्या ड्रायव्हरनेही फरक पडला नाही तर कार्डच सैल किंवा खराब असू शकतं. तात्पुरता यूएसबी वाय-फाय डोंगल लावा आणि मशीन दुरुस्तीला न्या.

• लॅपटॉप ऑफिसचा असेल तर स्वतः हात घालू नका. केबल जोडा आणि हेल्पडेस्कला दुसऱ्या दाराने आत बोलवा!